वॉरन यांची मते सँडर्स यांच्या हक्काची होती का? २०२० ची डेमोक्रॅटिक प्रायमरी आणि पुरोगाम्यांतली दुफळी

नदीकाठची

गेल्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला जमलेल्या मंडळींत पुन्हा तोच जुना वाद निघाला: २०२० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, एलिझाबेथ वॉरन यांनी वेळेवर माघार घेतली असती, तर उमेदवारी बायडन यांच्याऐवजी बर्नी सँडर्स यांना मिळाली असती. इतकी वर्षे लोटली तरी हे विधान इतक्या खात्रीने केले जाते, की ते एकदा नीट तपासून पाहावे असे मला वाटले. आधीच सांगते, की मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, नागरिकत्व मिळाल्यानंतरची माझी ती पहिलीच प्रायमरी होती आणि माझे मत वॉरन यांना होते. तेव्हा माझ्या लेखनात पक्षपात दिसला, तर तो दाखवून द्यावा.

घटनाक्रम थोडक्यात असा. ३ फेब्रुवारीला आयोवात निकालाचा पुरता गोंधळ झाला. ११ तारखेला न्यू हॅम्पशायर सँडर्स यांनी जिंकले, पण मवाळ गटातले बुटिजेज त्यांच्या अगदी मागे होते आणि त्याच गटातल्या क्लोबुचर तिसऱ्या. शेजारच्या राज्याच्या सेनेटर असूनही वॉरन यांना तिथे दहा टक्केही मते पडली नाहीत. २२ तारखेला नेवाडात सँडर्स यांनी इतरांना खूप मागे टाकले. मग २९ तारखेला दक्षिण कॅरोलिनात बायडन यांना जवळजवळ निम्मी मते मिळाली आणि पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचर या दोघांनीही माघार घेऊन बायडन यांच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झाले, त्यांपैकी दहा बायडन यांनी घेतली. सँडर्स यांच्या वाट्याला कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा आणि त्यांचे स्वतःचे व्हरमाँट एवढेच आले. वॉरन यांना एकही राज्य मिळाले नाही. स्वतःच्या राज्यातही त्या तिसऱ्या आल्या आणि ५ मार्चला त्यांनी माघार जाहीर केली.

यावरून काढला जाणारा निष्कर्ष असा, की मवाळांनी एकी केली, जहाल आपसांत भांडत राहिले आणि हरले. मला हे वाचन अपुरे वाटते. बुटिजेज आणि क्लोबुचर यांनी काय केले, हे त्यात बरोबर सांगितलेले आहे, पण वॉरन यांना मत देणारा माणूस कोण होता, याचा त्यात विचारच नाही. त्याला कोणीतरी सँडर्स यांच्या खात्यावरून उसना आणला होता आणि योग्य वेळी परत करायला हवा होता, असे गृहीत धरलेले आहे.

माझ्या मतदान केंद्राबाहेर त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या शेवटच्या क्षणापर्यंत वॉरन की बायडन अशा विचारात होत्या. सँडर्स हे नाव त्यांच्या विचारात नव्हतेच. मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे मात्र वॉरन की सँडर्स असे चालले होते. वॉरन यांचा मतदार मला त्या रांगेत दोन्ही बाजूंना दिसला.

पेठकर

धागा वाचनीय आहे, पण पुण्यात बसून वाचणाऱ्याला एक गोष्ट आधी समजावून सांगा. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी ठरवतात. ज्याला ते मिळत नाही, तो बंडखोरी करतो आणि मग ‘मतविभाजन झाले’ असे आपण म्हणतो. ते विभाजन अंतिम निवडणुकीत होते आणि त्याचा लाभ विरोधी पक्षाला होतो. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे आहेत आणि अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधीही मतांच्या प्रमाणात वाटले जातात, असे ऐकले आहे. प्रमाणात वाटप होत असेल, तर वॉरन आणि सँडर्स यांची मते वेगवेगळी पडल्याने बिघडले कुठे? दोघांचे प्रतिनिधी अधिवेशनात एकत्र आले असते, तर प्रश्न मिटला असता.

त्रिज्या

पेठकर, तुमचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. वाटप प्रमाणात होते, पण त्याला उंबरठा आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमानुसार ज्या उमेदवाराला १५ टक्क्यांहून कमी मते पडतात, त्याला प्रतिनिधी मिळत नाहीत आणि त्याची मते वाटपाच्या हिशेबातूनच गळतात. हा उंबरठा दोनदा ओलांडावा लागतो. राज्यातील काही प्रतिनिधी संपूर्ण राज्याच्या मतांवर ठरतात आणि बाकीचे बहुतेक ठिकाणी एकेका काँग्रेस मतदारसंघाच्या मतांवर. कॅलिफोर्नियात वॉरन यांना सुमारे १३ टक्के मते मिळाली. राज्य पातळीवरच्या वाटपात त्यांच्या हाती शून्य आले आणि फक्त काही मतदारसंघांतून मोजके प्रतिनिधी मिळाले. तेव्हा लाखो पुरोगामी मतांचे वजन कागदावरून नाहीसे झाले, ही गोष्ट खरी आहे.

अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्याच फेरीत उमेदवारी मिळवण्यासाठी ३,९७९ पैकी १,९९१ प्रतिनिधींचा आकडा गाठावा लागणार होता. अधिवेशनात एकत्र येण्याची तुमची कल्पना नियमात बसते, पण तशी वेळ आली असती तर दुसऱ्या फेरीत सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले नेते, मतदानात उतरले असते. २०१६ च्या क्लिंटन-सँडर्स लढतीतल्या कटुतेनंतर, २०१८ साली, पक्षाने त्यांना पहिल्या फेरीपुरते बाजूला ठेवले होते. दुसऱ्या फेरीत ते पुन्हा हजर. सँडर्स यांच्या लोकांना भीती होती ती याच दुसऱ्या फेरीची.

आता मूळ विधानाकडे वळतो. बेरीज करून पाहू. मॅसॅच्युसेट्समध्ये बायडन सुमारे ३३, सँडर्स सुमारे २७ आणि वॉरन सुमारे २१ टक्के. मिनेसोटात बायडन सुमारे ३९, सँडर्स ३० आणि वॉरन १५. टेक्ससमध्ये बायडन ३४-३५, सँडर्स ३० आणि वॉरन ११. वॉरन यांची सगळी मते उचलून सँडर्स यांच्या पारड्यात टाकली, तर तिन्ही राज्ये उलटतात. हा आकडा मांडला, की वाद संपला असे लोकांना वाटते.

परंतु त्या काळातल्या जनमत चाचण्यांत वॉरन यांच्या मतदारांची दुसरी पसंती विभागलेली दिसत होती. सँडर्स पुढे होते, पण निर्विवाद नव्हते. समजा, दहापैकी साडेपाच मते सँडर्स यांना आणि साडेचार बायडन यांना गेली. मिनेसोटात सँडर्स ३८ वर जातात आणि बायडन ४५ च्या पुढे. मॅसॅच्युसेट्समध्ये ३८ विरुद्ध ४३. टेक्ससमध्ये ३६ विरुद्ध ४०. तिन्ही ठिकाणी बायडनच जिंकतात. मेन राज्यात अंतर एखाद्या टक्क्याचेच होते. तिथे निकाल काठावर आला असता. शिवाय वॉरन यांना वजा करणारे लोक अब्जाधीश उमेदवार ब्लूमबर्ग यांना का वजा करत नाहीत, हे मला कधीच समजलेले नाही. सुमारे १ अब्ज डॉलर खर्च करून त्यांनी अमेरिकन सामोआ जिंकले हे सर्वांच्या लक्षात राहिले आहे, पण ३ मार्चच्या त्या मंगळवारी बहुतेक राज्यांत त्यांनी खाल्लेली दहा-पंधरा टक्के मते मुख्यतः बायडन यांच्याच बाजूची होती.

ऑस्टिनवासी

त्रिज्या यांचे गणित चोख आहे, पण त्यात काळ धरलेला नाही. वॉरन यांनी ३ मार्चच्या आदल्या दिवशी माघार घेतली असती तर काय झाले असते, एवढाच प्रश्न तुम्ही सोडवलात. मी त्या हिवाळ्यात टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये सँडर्स यांच्यासाठी दारोदार फिरत होतो. माझा आक्षेप जानेवारीबद्दल आहे.

१३ जानेवारी २०२० रोजी, आयोवातील मतदानाला तीन आठवडे उरले असताना, बातमी आली, की डिसेंबर २०१८ मधील एका खासगी भेटीत सँडर्स यांनी वॉरन यांना ‘स्त्री ही निवडणूक जिंकू शकणार नाही’ असे सांगितले होते. सँडर्स यांनी ते नाकारले, वॉरन आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. दुसऱ्या दिवशी आयोवातील डि मॉइनमध्ये उमेदवारांची जाहीर चर्चा संपल्यावर त्यांनी सँडर्स यांचा पुढे केलेला हात घेतला नाही आणि ‘तुम्ही मला देशासमोर खोटे पाडले’ अशा अर्थाचे शब्द ध्वनिक्षेपकाने टिपले. तोवर वर्षभर या दोघांनी चर्चेच्या मंचावर एकमेकांना सांभाळून घेतले होते. औषधांच्या किमती, विद्यार्थ्यांची कर्जे, अतिश्रीमंतांवरील संपत्ती कर या सगळ्यांत त्यांचे सूर जुळत होते. त्या दोन दिवसांत ते सारे उधळले गेले. आमच्या स्वयंसेवकांच्या गटात त्यानंतर वॉरन यांच्या मतदारांना फोन करायला कोणी तयार होईना.

त्याआधी नोव्हेंबरमध्ये वॉरन यांनी सर्वांसाठी सरकारी आरोग्य विम्याची योजना दोन टप्प्यांत आणण्याचे जाहीर केले, तेव्हाच आमच्यातले अनेक जण बिथरले होते. सँडर्स यांच्या मतदाराच्या दृष्टीने आरोग्य विमा हा तडजोडीचा विषय नव्हता. माझ्यासोबत फिरणाऱ्या एका मुलाच्या घरावर रुग्णालयाचे बिल थकले होते. त्याला ‘पहिला टप्पा, दुसरा टप्पा’ ही भाषा ऐकवत नव्हती.

नदीकाठची

ऑस्टिनवासी, जानेवारीबद्दलचे तुमचे दुःख मला कळते. त्या भेटीत नेमके काय बोलणे झाले, हे त्या दोघांनाच ठाऊक. मात्र त्याच आठवड्यात समाजमाध्यमांवर वॉरन यांच्या प्रत्येक नोंदीखाली सापाच्या चित्रांचा जो वर्षाव झाला, तोही त्या हिशेबात धरावा लागेल. माझ्या ओळखीच्या दोन मैत्रिणी, ज्यांची दुसरी पसंती तोवर सँडर्स होती, त्या सापांमुळे बायडन यांच्याकडे वळल्या. हा राग सँडर्स यांच्यावरचा नव्हता, त्यांच्या समर्थकांवरचा होता आणि तो अन्यायाचा होता असेही कोणी म्हणेल, पण मत देताना माणूस असा राग घरी ठेवून येत नाही.

आणि दोन टप्प्यांच्या योजनेबद्दल: मला ती पळवाट वाटली नव्हती. पैसा कुठून येणार याचा तपशीलवार हिशेब मांडल्यावर दोन्हीकडून टीका झाली, हे मी जवळून पाहिले. हिशेब न मांडणाऱ्यांना तो प्रश्न इतक्या कडकपणे विचारला गेला नाही.

कणीस

मी आयोवात राहतो आणि कॉकस म्हणजे काय हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस म्हणून थोडी भर घालतो, कारण या धाग्यातला मुख्य प्रश्न, म्हणजे दुसरी पसंती कुठे जाते, तो तेव्हा आमच्याकडे लोकांच्या पायांनी सोडवला जात असे.

शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहिलो. मोजणी झाली. बहुतेक केंद्रांत ज्या गटात १५ टक्के माणसे भरत नसत, तो गट मोडे आणि त्यातल्या लोकांना दुसऱ्या कोपऱ्यात जाण्याची, दुसऱ्या लहान गटाशी जुळवून घेण्याची किंवा घरी जाण्याची मुभा असे. आमच्या केंद्रात क्लोबुचर यांचा गट थोडक्यात हुकला. मी वॉरन यांच्या कोपऱ्यातून त्यांना हाका मारत होतो. काही स्त्रिया आमच्याकडे आल्या, बरेच लोक बुटिजेज यांच्याकडे गेले. शेजारच्या सँडर्स यांच्या कोपऱ्यात तरुण मुले सर्वांत जास्त होती, घोषणाही त्यांच्याच मोठ्या होत्या, पण इकडून तिकडे फारसे कोणी गेले नाही.

२०२० मध्ये पहिल्यांदाच दोन्ही मोजण्यांचे आकडे राज्यभर प्रसिद्ध झाले, म्हणून हे केवळ माझ्या केंद्राचे निरीक्षण राहत नाही. पहिल्या मोजणीत सँडर्स सुमारे २४.७ टक्के, बुटिजेज २१.३ आणि वॉरन १८.५. अखेरच्या मोजणीत सँडर्स २६.६, बुटिजेज २५.१ आणि वॉरन २०.२. सँडर्स यांना जवळजवळ दोन टक्क्यांची भर पडली, बुटिजेज यांना चारची. प्रत्यक्ष मते सँडर्स यांना सर्वांत जास्त मिळूनही राष्ट्रीय प्रतिनिधी बुटिजेज यांना १४ आणि सँडर्स यांना १२ मिळाले, त्याचे एक कारण हे आणि दुसरे ग्रामीण केंद्रांना मिळणारे वजन.

आपण सारे ‘पुरोगामी विरुद्ध मवाळ’ अशी रेघ ओढतो, पण आमच्या व्यायामशाळेत मला दिसलेली रेघ वेगळी होती. वॉरन आणि बुटिजेज यांचे मतदार एकमेकांचे शेजारी होते: पदवीधर, पन्नाशीच्या आसपासचे, सार्वजनिक रेडिओ ऐकणारे. कार्यक्रमपत्रिका पाहिली तर वॉरन सँडर्स यांच्या जवळ, वस्ती पाहिली तर बुटिजेज यांच्या. मत द्यायला माणूस कार्यक्रमपत्रिकेतून येतो की वस्तीतून, याचे उत्तर मी देऊ शकत नाही, पण त्या रात्री बरेच जण वस्तीतून आलेले दिसले.

पेठकर

कणीस यांच्या प्रतिसादाने चित्र स्पष्ट झाले. मूळ लेखात ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द वाचून मला सुरतेचे १९०७ चे अधिवेशन आठवले होते, पण ही उपमा इथे बसत नाही, असे आता वाटते. सुरतेत कोण कोणत्या बाजूचा आहे, याबद्दल संशय नव्हता. इथे वॉरन स्वतःला कोणत्या बाजूच्या मानत होत्या?

नदीकाठची

माघार जाहीर करताना केंब्रिजमधील आपल्या घरासमोर त्यांनी याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की या शर्यतीत दोनच मार्गिका आहेत, पुरोगामी मार्गिकेत सँडर्स आणि मवाळ मार्गिकेत बायडन आधीच आहेत, मधे जागा नाही, असे त्यांना सुरुवातीलाच सांगण्यात आले होते. ते चुकीचे आहे असे त्यांना वाटले होते. ते खरे निघाले. त्याच दिवशी त्यांनी कोणालाही पाठिंबा दिला नाही. सँडर्स यांनी ८ एप्रिलला प्रचार थांबवून १३ तारखेला बायडन यांना पाठिंबा दिला, त्यानंतर दोन दिवसांनी वॉरन यांनीही तोच दिला. हे सव्वा महिन्याचे मौन मला स्वतःलाही तेव्हा खटकले होते.

जुना मिशिगनकर

या चर्चेत २०१६ चा उल्लेख ओझरता आला आहे. मला वाटते, सँडर्स यांच्या २०२० च्या पराभवाचे बीज त्यांच्या २०१६ च्या विजयांतच होते आणि ते आमच्या राज्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

मार्च २०१६ मध्ये सगळ्या चाचण्या हिलरी क्लिंटन यांना खूप पुढे दाखवत असताना सँडर्स यांनी मिशिगन दीड टक्क्याने जिंकले. कारखाने गेलेल्या गावांत, उत्तरेकडच्या ग्रामीण भागात त्यांना भरभरून मते पडली आणि आम्ही सर्वांनी त्याचा अर्थ असा लावला, की श्वेतवर्णीय कामगार समाजवादाकडे वळतो आहे. चार वर्षांनी, १० मार्च २०२० रोजी, बायडन यांनी मिशिगनमधील ८३ पैकी ८३ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) जिंकल्या. तीच गावे, तोच सँडर्स, तोच कार्यक्रम. म्हणजे २०१६ च्या त्या मतांतला बराच भाग सँडर्स यांच्यासाठी नसून क्लिंटन यांच्याविरुद्ध होता. त्या मतांना आपली ठेव समजून २०२० ची आखणी झाली. वॉरन यांच्या मतांकडे नंतर ज्या नजरेने पाहिले गेले, तीच ही नजर.

‘सँडर्स यांच्या लोकांनी २०१६ ला ट्रम्प यांना निवडून दिले’ हे वाक्यही मी हजारदा ऐकले आहे. एका मोठ्या सर्वेक्षणानुसार सँडर्स यांच्या प्रायमरीतल्या मतदारांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी नोव्हेंबरात ट्रम्प यांना मत दिले. मिशिगन ट्रम्प यांनी १०,७०४ मतांनी जिंकले, त्यामुळे हा आकडा बोचतो. पण २००८ साली क्लिंटन यांच्या प्रायमरीतल्या मतदारांपैकी रिपब्लिकन मॅकेन यांच्याकडे गेलेल्यांचे प्रमाण त्याहून मोठे, चौथाईच्या आसपास होते. तेव्हा ओबामा जिंकले, म्हणून त्याची चर्चा झाली नाही.

मराठी वाचकांसाठी जवळचे एक उदाहरण देतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली आमच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले होते. ग्रेचेन व्हिटमर यांच्या विरोधात स्वतःला पुरोगामी म्हणवणारे दोघे होते, अब्दुल एल-सय्यद आणि ठाणेदार. एल-सय्यद यांना सुमारे ३० टक्के आणि ठाणेदार यांना १७-१८ टक्के मते पडली. ‘ठाणेदारांनी मते खाल्ली’ ही ओरड आमच्या मराठी मंडळातही झाली. व्हिटमर यांना ५२ टक्के होती, ही बाब मात्र कोणी लक्षात घेतली नाही. याउलट २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या गर्दीतून अवघ्या २८ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन तेच ठाणेदार उमेदवार झाले आणि पुढे खासदारही. तिथे मात्र विभाजनाने निकाल खरोखरच ठरवला.

ऑस्टिनवासी

मिशिगनकरांच्या ८३ काउंट्यांचे उत्तर माझ्याकडे नाही. फक्त एक गोष्ट नोंदवून ठेवतो. नेवाडात आणि कॅलिफोर्नियात लॅटिनो मतदारांनी सँडर्स यांना जे भरघोस मतदान केले, ते पाच वर्षांच्या कामातून उभे राहिले होते. आमच्या टेक्ससमधल्या मेक्सिकन वस्त्यांतही ते दिसत होते. दक्षिण कॅरोलिनात तिथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडन यांना पाठिंबा दिला आणि कृष्णवर्णीय मतदारांनी, विशेषतः वयाने मोठ्या स्त्रीपुरुषांनी, एकमुखाने कौल दिला. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या या मतदारांशी आमचे नाते जोडलेले नव्हते. त्याचे खापर वॉरन यांच्यावर फोडता येणार नाही, एवढे मी आज मान्य करतो. २०२० च्या एप्रिलमध्ये केले नसते.

पेठकर

शेवटची शंका. पसंतीक्रमाने मतदान ठेवले असते, म्हणजे मतपत्रिकेवरच दुसरी-तिसरी पसंती लिहिता आली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता ना? मेनमध्ये ती पद्धत आहे, असे वाचले होते.

त्रिज्या

मेनमध्ये ती पद्धत होती, पण मार्च २०२० च्या राष्ट्राध्यक्षीय प्रायमरीला लागू नव्हती. नोव्हेंबरात लागू झाली. म्हणजे जिथे तिचा खरा उपयोग झाला असता, नेमक्या त्याच राज्यात ती नव्हती. अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या चार राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाने पसंतीक्रमाच्या मतपत्रिका वापरल्या, १५ टक्क्यांखालच्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीकडे वळवली, मोजणीही सुरळीत झाली. अलास्कात अखेर बायडन ५५ आणि सँडर्स ४५ टक्के असा निकाल लागला. फक्त त्या चारही राज्यांची मोजणी होईपर्यंत सँडर्स यांनी प्रचार थांबवलेला होता.

कणीस

आणि कॅलिफोर्नियात टपालाने आधीच पाठवलेल्या मतपत्रिकांवर बुटिजेज आणि क्लोबुचर यांची नावे तशीच राहिली. माझ्या मेहुणीने बुटिजेज यांना दिलेले मत त्यांनी माघार घेण्याच्या आठवडाभर आधी पेटीत पडले होते. तिला दुसरी पसंती विचारली, तर ती अजूनही वॉरन म्हणते.